बाळाचं नाव आणि त्यातून निघणारे नको ते अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं हजेरी घेतली. निवृत्त झाले तशी यवतमाळ जिल्ह्यातली, पांढरकवडा, वणी, राळेगावकडची माणसं नावांसाठी फोन करू लागली. ‘छान नाव सुचवा’ म्हणणारे थोडे. बहुतेकांचं नाव ठरलेलं असतं, पाळण्याचे फुगेसुद्धा आणलेले असतात आणि रात्री साडेनऊला कोणाच्या तरी मनात पाल चुकचुकते. शिवाय मी सात भाचरांची आत्या आहे, त्यामुळे ‘कुर्रर्र’ करण्याचा अनुभवही दांडगा. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

१. बाई, नाव ठरलं आहे. पण त्यातून काही भलतंसलतं निघतं का, हे तपासायचं कसं?

घरच्या घरी होतं. आधी ओसरीवर उभं राहून रस्त्याच्या टोकापर्यंत जाईल अशी हाक मारा. जवळून गोड वाटणारं नाव लांबून वेगळंच ऐकू येतं. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून ते तीनदा म्हणवून घ्या (का ते प्रश्न ४ मध्ये). मग पूर्ण नाव, म्हणजे आईचं, बापाचं आणि आडनाव जोडून, एका दमात वाचा (प्रश्न ६). शेवटी चौथीतलं एखादं द्वाड पोट्टं धरा, त्याच्या हातावर चिवड्याचा पुडा ठेवा आणि विचारा, ‘या नावाच्या पोराला चिडवायचं असेल तर काय म्हणशील?’ दोन मिनिटांत निकाल लागतो.

२. बारसं बाराव्या दिवशी आहे आणि नावावर एकमत नाही. उशीर झाला तर दाखल्याचं काय?

बारसं आणि दाखला या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्या नोंदीत बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. नावाची जागा कोरी ठेवून नोंद होते. नंतर १२ महिन्यांपर्यंत नाव फुकट चढवता येतं आणि त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.

पण त्या सवलतीवर विसंबून झोपू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो.

आणखी एक घोळ दर महिन्याला कानावर येतो. नोंद जिथे जन्म झाला तिथे असते, जिथे तुम्ही राहता तिथे नसते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, बाळ जन्मतं यवतमाळच्या दवाखान्यात आणि बाप नाव चढवायला स्वतःच्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन बसतो. तिथून तो रिकाम्या हातानं परत येतो आणि बोल मात्र ग्रामसेवकाला लावतो.

सांगायचं ते हे, की बाराव्या दिवशी भांडून नाव ठेवायची गरज नाही. पाळण्यात देवाचं एखादं नाव कानात सांगा, घुगऱ्या वाटा आणि कागदावरच्या नावासाठी महिनाभर घ्या.

३. नेटवर नावाचा अर्थ ‘शांत’ दिला आहे. तो खरा मानावा का?

‘आरव’बद्दल विचारत असाल, तर नाही. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा, गलका. ‘शांत’ हा अर्थ एका यादीत आला आणि तिथून सगळ्यांनी उतरवला. माझ्या शेवटच्या पहिलीत तीन आरव होते, आणि खरा अर्थ कोणता याबद्दल मला कधी शंका आली नाही.

‘रेयांश’, ‘अयांश’ या नावांमागे ‘अंश’ जोडलेला आहे, पण पुढच्या तुकड्याचा अर्थ संस्कृतात धड लागत नाही. कानाला गोड म्हणून ठेवा, फक्त पाहुण्यांना ‘वेदांत आहे’ असं सांगू नका. ‘वेद’पासून मुलीचं नाव हवं म्हणून एकानं ‘वेदना’ ठरवलं होतं. पत्रिका छापायला जायच्या आधी फोन केला हे नशीब.

उलट खरा अर्थ कळून लोक उगाच दचकतात अशीही नावं आहेत. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. अपर्णा म्हणजे जिनं तपात झाडाचं पानसुद्धा खाल्लं नाही ती. दिगंबर म्हणजे अंगावर वस्त्र नसलेला. हे अर्थ शंकराचे, पार्वतीचे, दत्ताचे आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या ही नावं चालली. आमच्या गावच्या एका अनिकेतला घरकुलाच्या यादीत पहिल्याच फेरीत घर मिळालं, यावर गावात वर्षभर विनोद चालला. अर्थ कळला म्हणून नाव टाकू नका, कोणी विचारलं तर सांगता येईल एवढं पाहा.

४. आमच्या आजीला नावच म्हणता येत नाही. ती भलतंच म्हणते. काय करावं?

आजीला दोष देऊ नका, ती वऱ्हाडी बोलते. आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. ‘ण’चा ‘न’ होतो. त्यामुळे ‘निळकंठ’ ‘नियकंठ’ होणार आणि ‘प्रणाली’ ‘प्रनाली’. याने काही बिघडत नाही. बिघडतं कुठे, तर उच्चार बदलून दुसराच शब्द तयार होतो तिथे. ‘वीणा’ची ‘विना’ होते, म्हणजे शिवाय, वाचून. (याचा पुढचा अंक प्रश्न ६ मध्ये.)

‘माही’ हे नाव तर खास आपल्या मुलखासाठी अवघड. वऱ्हाडीत माही म्हणजे माझी. ‘ही कोनाची?’ ‘माही.’ ‘तुही हाय ते कयलं, पन नाव काय?’ हा संवाद मी शाळेच्या दारात स्वतः ऐकला आहे. मला विचाराल तर हे नाव यामुळेच आवडतं. प्रत्येक जण हाक मारताना ‘माझी’ म्हणणार, यात वाईट काय आहे? पण रोज हसू करून घ्यायची तयारी नसेल तर सोडा.

५. शाळेत पोट्टे चिडवतील अशी भीती वाटते. चिडवलंच जाणार नाही असं नाव असतं का?

नसतं. नावात काही सापडलं नाही, तर कान सापडतात, चप्पल सापडते, बापाची जुनी लुना सापडते.

पण चिडवण्याचे प्रकार ओळखायला शिका. पहिला प्रकार चिडवणं नव्हेच, ते मराठीचं व्याकरण आहे. मुलाच्या नावाला ‘या’ आणि मुलीच्या नावाला ‘ई’ लागतेच. प्रशांतचा पश्या, गणेशचा गण्या, मंगलाची मंगी. तुम्ही ‘अद्वैत’ ठेवा की ‘ओजस’, आठ दिवसांत त्याला शेपूट फुटणार. ते मैत्रीचं लक्षण आहे, शेपूट न लागलेली पोरं एकटी बसलेली असतात.

दुसरा प्रकार शब्दाला शब्द जुळवण्याचा. विराजचं विरजण होतं. ते दीड-दोन वर्षं टिकतं, मग नवीन पोरगा येतो आणि त्याची पाळी लागते.

तिसरा प्रकार शेतकऱ्याच्या पोरांचा. कृषी केंद्राच्या फळ्यावर बियाण्याच्या वाणांची काय नावं लिहिलेली असतात पाहा. तुरीत ‘आशा’ आणि ‘मारुती’. हरभऱ्यात ‘विजय’, ‘विशाल’, ‘दिग्विजय’, ‘जॅकी’. कपाशीत ‘अजित १५५’. माझ्या वर्गात एकदा दोन अजित होते. उंच होता त्याला पोरं ‘एकशे पंचावन्न’ म्हणायची. पहिल्या आठवड्यात तो रडत माझ्याकडे आला. दिवाळीनंतर पाहिलं तर त्यानं स्वतःच्या बॅटवर खिळ्यानं कोरून १५५ लिहिलं होतं.

हे तिन्ही सोडून द्या. ज्या नावातून सरळ शरीराचा एखादा भाग, शौचाचा शब्द, एखादं व्यंग किंवा जातीवरची शिवी निघते, ते मात्र ठेवू नका, अर्थ कितीही पवित्र असो. असं चिडवणं दीड वर्षात संपत नाही. पोरगं कॉलेजात गेलं तरी मागे येतं.

६. नाव चांगलं आहे, आडनावही चांगलं आहे, पण एकत्र वाचलं की हसू येतं. असं चालेल का?

कडूंच्या घरी मधुरा, काळ्यांच्या घरी गौरी, हरणे आडनावाच्या घरी विजय. अशी माणसं आपल्याकडे आहेत, मजेत जगतात आणि लग्नात उखाण्याला विषय पुरवतात. हे चालतं.

मात्र आता एक नवी गोष्ट लक्षात घ्या. राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणजे बाळाच्या नावाला पहिला शेजार आईच्या नावाचा. निर्णय फार चांगला, पण जुळणी कोणी तपासत नाही. आईचं नाव शांती आणि मुलाचं ओम. झालं ‘ओम शांती’. गावाच्या ग्रुपवर कोणी वारलं की खाली ओळीनं हेच शब्द येतात. आई ममता आणि मुलगी वीणा असेल, तर आजीच्या तोंडी ती ‘विना ममता’. दोन्ही नावं निर्दोष आहेत, फक्त शेजार जमला नाही. पूर्ण नाव कागदावर लिहून मोठ्यानं वाचा, एवढंच यावर औषध.

७. आद्याक्षरांचंही पाहावं लागतं का?

इंग्रजी आद्याक्षरांची चिंता लोक करतात, मराठीची करत नाहीत, आणि अडतं ते मराठीत. कैलासचा संक्षेप ‘कै.’ आणि स्वप्नीलचा ‘स्व.’. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर ‘स्व.’ लिहून पुढे आडनाव असलेला जिवंत माणूस मी पाहिला आहे. आपल्याकडे चौकाचौकात ‘स्व.’चे बॅनर लागतात, त्यामुळे वाचणारा आधी हात जोडतो. नाव टाकायची गरज नाही. पोराला लहानपणीच सांगून ठेवा, की सही करताना नाव पूर्ण लिहायचं.

८. आपल्या भाषेत नाव चांगलं, पण हिंदीत किंवा इंग्रजीत वाईट असेल तर?

आपण हिंदीच्या शेजारी राहतो, म्हणून हे उलटंही घडतं. मध्य प्रदेशातून वडिलांच्या नोकरीमुळे आलेली एक मुलगी सहावीत बसली. नाव शिक्षा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पहिल्या दिवशी मी हजेरीत ‘शिक्षा’ म्हणाले आणि मागच्या बाकावरचे तिघं सवयीनं हात पुढे करून उभे राहिले. ‘चेष्टा’चंही तसंच. हिंदीत प्रयत्न, मराठीत टिंगल.

इंग्रजीचा घोळ उच्चाराचा नसतो, स्पेलिंगचा असतो. हर्षित, अक्षित या नावांच्या स्पेलिंगमधली शेवटची चार अक्षरं वेगळी काढून वाचा. ‘अनल’ म्हणजे अग्नी, शब्द सुंदर, पण इंग्रजीत लिहिलं की डॉक्टरकडचा शब्द होतो. हर्षित नावाची हजारो पोरं नोकऱ्या करतात, ते नाव ठेवा. ‘अनल’ मी ठेवणार नाही.

गडचिरोलीकडून एका वडिलांनी विचारलं होतं, ‘लिंगो’ ठेवू का, आश्रमशाळेत पोरं हसतील. पहांदी पारी कुपार लिंगो हे गोंडांच्या धर्माचे मूळ गुरू. हसणाऱ्यांना ते ठाऊक नाही ही शाळेची चूक आहे, बाळाची नाही. माझं उत्तर होतं, ठेवा आणि प्रवेशाच्या दिवशी गुरुजींना नावाची गोष्ट सांगून या. गुरुजींनी ती एकदा वर्गात सांगितली, की अर्धं काम होतं. प्रश्न ५ मधला माझा नियम इथे मी स्वतःच मोडते आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिथे दुसरं नाव निवडून काही गमवावं लागत नाही, इथे लागतं.

९. ‘अवनी’ ठेवायचं आहे, पण आमच्याकडे सगळे म्हणतात, वाघिणीचं नाव काऊन ठेवता?

हा प्रश्न मला जितक्यांदा आला तितका दुसरा कोणताच नाही, आणि तो आमच्याच पट्ट्यातून येतो. बाहेरच्यांना सांगते. पांढरकवडा-राळेगावच्या जंगलातली टी-१ वाघीण, तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली. बाहेरच्या जगानं तिला ‘अवनी’ म्हणून ओळखलं, तिच्यासाठी मोर्चे निघाले, कोर्टकज्जे झाले. इथली माणसं ‘टी-वन’ नाहीतर नुसतं ‘ते वाघीन’ म्हणायची. ज्या बायका त्या दोन वर्षांत कापूस वेचायला घोळक्यानं आणि हातात काठ्या घेऊन जायच्या, त्यांच्यासाठी हे नाव टीव्हीवरून नंतर आलं.

म्हणून माझं उत्तर गाव बघून बदलतं. तुमच्या घरात किंवा भावकीत त्या वाघिणीनं नेलेलं माणूस असेल, तर ठेवू नका. अवनी म्हणजे पृथ्वी हे कितीही सांगितलं, तरी त्या घरातल्या म्हातारीला रोज ती हाक ऐकावी लागेल. भूमी, वसुधा, धरा, मेदिनी, अर्थ तोच आहे, नावं भरपूर आहेत. तसं काही नसेल, तर खुशाल ठेवा. पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारी पहिली भारतीय महिला अवनी लेखरा हिनं २०२१ मध्ये टोकियोत आणि पुन्हा २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत सुवर्ण मिळवलं. तुमची मुलगी शाळेत जाईल तेव्हा वर्गातल्या पोरांना वाघीण आठवेल की नेमबाज, हे आज कोणीच सांगू शकत नाही. आणि वाघीणच आठवली, तरी ताडोबाच्या वाटेवरच्या पोरांना वाघिणींची नावं फिल्मच्या हिरॉइनींसारखी पाठ असतात. माया, तारा, सोनम, माधुरी. ही नावं काय कमी ठेवली गेली?

१०. सीता, द्रौपदी, कर्ण ही नावं दुःखी म्हणतात. ठेवली तर तसंच नशीब येतं का?

नशीब नावातून येत नाही. बाकी ‘दुःखी’ कोणी ठरवलं, हे विचारण्यासारखं आहे. राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचं देऊळ आहे, तिथे शेजारी राम नाही. कथा अशी, की टाकून दिलेली सीता इथे आली, तिनं पसाभर गहू मागितले, गावानं दिले नाहीत आणि तिनं इथे गहू पिकणार नाही असा शाप दिला. शेतकरी नेते शरद जोशींनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, आणि एकट्यानं संसार ओढणाऱ्या कितीतरी बायांना ते आपलं वाटतं. त्या पट्ट्यातल्या बाईला सीता हे नाव रडकं वाटणार नाही. द्रौपदी नावाच्या बाई २०२२ पासून राष्ट्रपती आहेत.

खलनायकांचंही गावागणिक बदलतं. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्याला दसऱ्याला रावण जाळत नाहीत, त्याची पूजा करतात. गोंडांमध्येही रावणाला मानणारे आहेत. म्हणून काय ‘रावण’ ठेवायचं? मी ठेवणार नाही. पोरगं आयुष्यभर सांगोळ्यातच राहील याची खात्री कोणाला आहे?

आणि विदर्भात राहून पुराणातलं नाव हवं असेल, तर आपल्याच माहेरवाशिणी घ्या की. रुक्मिणी कौंडण्यपूरची. दमयंती, इंदुमती, लोपामुद्रा, तिघी विदर्भाच्या राजकन्या. लोपामुद्रेचं ‘लोपी’ होईल, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

११. ‘आम्रपाली’ फार आवडतं, पण कोणी ‘ती नगरवधू होती’ म्हणालं तर? आणि ‘राहुल’चा अर्थ बंधन आहे म्हणे?

आम्रपाली वैशालीची गणिका होती हे खरं. तिनं आपलं आंबराईचं वन बुद्धाच्या संघाला दिलं, पुढे भिक्खुणी झाली आणि तिच्या गाथा थेरीगाथेत, म्हणजे भिक्खुणींच्या गाथांच्या ग्रंथात, आहेत, हेही तितकंच खरं. अर्धी गोष्ट सांगणाऱ्याला उरलेली अर्धी सांगायची.

राहुलचा परंपरेतला अर्थ बंधन असाच लावतात. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाल्यावर आपल्या खेड्याखेड्यांतून राहुल, सिद्धार्थ, मिलिंद, यशोधरा, संघमित्रा ही नावं आली ती कचरू, धोंडू या नावांच्या जागी आली. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या तोंडून हलकी नावं ऐकावी लागली, त्यांनी पहिल्यांदा मनाजोगती नावं ठेवली. त्या घरात राहुल म्हणजे काय, हे शब्दकोशाला विचारून कळणार नाही.

‘नावावरून जात ओळखतील’ ही भीती याच नावांबाबत जास्त कळवली जाते. ओळखणारे आडनावावरून, गावावरून आणि राहत्या वस्तीवरूनही ओळखतात. त्यांच्यासाठी आवडतं नाव टाकू नका.

१२. भटजींनी राशीचं अक्षर असं काढलं, की त्यावरून नावच निघत नाही.

आर्द्रेच्या चार अक्षरांत ‘ङ’ येतो, हस्तात ‘ण’, उत्तराभाद्रपदात ‘ञ’, पूर्वाषाढात ‘ढा’. ‘ङ’वरून नाव जगात कोणाला सापडलेलं नाही. त्याच नक्षत्रातलं दुसरं अक्षर घ्यायची पद्धत आहे, किंवा राशीचं नाव पत्रिकेपुरतं ठेवून व्यवहाराचं नाव वेगळं ठेवायचं. ‘ढा’साठी अडून बसलेल्या एका आजोबांना मी म्हटलं, शाळेत ‘ढ’ कोणाला म्हणतात ते आठवा.

१३. सासऱ्यांना पणजोबांचं ‘कवडूजी’ हे नाव हवं आहे. आम्हाला ते हलकं वाटतं.

आधी ते हलकं नाही, हे समजून घ्या. ज्या घरात लेकरं जगत नव्हती, तिथे नवीन जन्मलेलं बाळ शेजारणीला देऊन टाकायचे आणि एका कवडीला परत विकत घ्यायचे, म्हणजे त्याच्यावर काळाची नजर पडू नये. म्हणून कवडू. उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलला तो उकंडा. दगडासारखा टिकावा म्हणून दगडू, धोंडू. त्या नावामागे दोन-तीन लेकरं गमावलेली आई आहे. पणजोबांना विचारायची सोय नाही, पण त्यांच्या आधीच्या भावंडांची नोंद कोणाला आठवत असेल तर विचारा.

हलक्या नावांचं म्हणाल, तर विदर्भातल्या दोन विद्यापीठांच्या पाट्या वाचा. यावलीच्या माणिकला त्याच्या गुरूनं, आडकोजी महाराजांनी, ‘तुकड्या’ म्हटलं. आज नागपूरचं विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावानं आहे. शेंडगावच्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांच्या हातात मडक्याचं खापर असायचं, म्हणून लोकांनी त्यांना ‘गाडगे’ म्हटलं, आणि अमरावतीचं विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाचं झालं. पोरं पदवीच्या कागदावर ती नावं मिरवतात.

तरीही मी कवडूजी दाखल्यावर चढवणार नाही. तुकड्या आणि गाडगे ही नावं पाळण्यात ठेवलेली नव्हती. आईबापांनी ठेवलेली नावं माणिक आणि डेबू अशी साधीच होती. कवडू मागची गोष्ट आज तुम्हाला सुद्धा सांगावी लागली, मग वर्गातल्या तीस पोरांना कोण सांगणार? पाळण्यात पहिलं नाव कवडू सांगा, सासऱ्यांच्या हातून सांगा, कागदावर दुसरं घाला. आणि एक गंमत. सासऱ्यांच्या वडिलांचं नाव घरातल्या बायका तोंडानं घेणार नाहीत. ते नाव ठेवलं, तरी हाक ‘आबा’ अशीच मारली जाणार.

१४. आमच्या दिरांनी तीन वर्षांमागे कर्जापायी जीव दिला. सासू-सासऱ्यांना बाळाला त्यांचं नाव ठेवायचं आहे. मला भीती वाटते, पण बोलू कशी?

हे पत्र एकीचं नव्हतं. वेगवेगळ्या गावांतून आलं, दीर कुठे भाऊ होता, कुठे मामा.

नावासोबत तसं मरण येईल ही भीती असेल, तर ती मनातून काढा. त्यांना कर्जानं, मालाच्या पडलेल्या भावानं आणि एकटेपणानं नेलं. नावानं नाही.

पण दुसरी एक गोष्ट खरी आहे. लेकराला आपण दिवसातून पन्नास वेळा हाक मारतो आणि त्यातल्या वीस वेळा रागावून. आपल्याकडच्या आयांच्या तोंडी ‘मेल्या’, ‘मुडद्या’ हे शब्द सहज असतात. ते नाव आणि तो शब्द एका वाक्यात आला, की सासूबाईंच्या हातातलं काम थांबेल. तुम्हालाही तसं रागावता येणार नाही. मग ते लेकरू घरात लेकरू राहत नाही, फोटोसारखं जपलं जातं. फोटोवर प्रेम करतात, पण त्याच्याकडून हट्ट कोणी ऐकून घेत नाही.

आणि मला सांगा, तुमच्या जाऊबाईंना कोणी विचारलं का? त्याच घरात राहतात ना? नवऱ्याचं नाव तोंडानं न घेणारी बाई त्या लेकराला हाक कशी मारणार? मी ज्या घरांत हे विचारलं, तिथे बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असंच आलं. आधी त्यांच्याजवळ बसा. त्या ‘ठेवा’ म्हणाल्या, तर सगळं गणित वेगळं. ठेवा मग. त्या गप्प बसल्या, तर तेच उत्तर समजा, आणि सासऱ्यांपुढे त्यांना उभं न करता तुमच्या नवऱ्यानं बोलावं.

सासऱ्यांसाठी मधला मार्ग आहे. कानात सांगायच्या नावांत ते नाव घ्या. दिरांच्या आवडीचा, त्यांच्या नावाच्या अक्षरावरून दुसरा शब्द शोधा. घाई नको म्हणावं, कागदावरची जागा वर्षभर कोरी राहू शकते (प्रश्न २). वर्षभरात घर बरंच बदलतं.

१५. ठरवलेलं नाव शेजाऱ्याच्या बैलाचं निघालं!

पोळ्याला बैलासमोर पुरणपोळी ठेवून पाया पडता ना? मग काय बिघडलं? आपल्या कोठ्यातल्या ‘राजा’च्या नावाचा पोरगा गावात असतोच. कुत्र्याचं नाव निघालं, तर मात्र विचार करा, कारण संध्याकाळी दोघांना एकाच वेळी हाक जाते.

१६. नाव ठेवून झालं, दाखलाही निघाला, आणि आता पस्तावा होतोय. बदलता येतं का?

येतं, पण जितकं लवकर तितकं स्वस्त. लिहिण्यातली चूक असेल, तर जिथे जन्माची नोंद आहे तिथे पुरावा देऊन दुरुस्ती मागता येते. पूर्ण नावच बदलायचं, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते. त्याआधी आधार काढलं असेल, तर लक्षात ठेवा, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरला नाव चढायच्या आत हे सगळं उरका, नंतर प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवतो.

एका बाबतीत मी पस्ताव्याची वाट पाहायला सांगत नाही. मुलगी नको होती म्हणून ‘नकुशी’ ठेवलं असेल, तर उद्याच बदला. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवीन नावं दिली गेली. त्यासाठी समारंभ लागतोच असं नाही. आत्याला बोलवा, पुन्हा एकदा घुगऱ्या करा.

१७. बाई, तुम्हाला शाळेत पोरं काय म्हणायची?

नाव सांगत नाही, ‘न’पासून सुरू होतं. पोरं ‘नळीबाई’ म्हणायची, आणि वऱ्हाडीत ती ‘नयीबाई’ झाली. मी घसा फोडून पाढे सांगायची आणि मागचा बाक कुजबुजायचा, ‘नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.’ म्हण इतकी अचूक बसली होती, की मला त्यांना मराठीत पैकीच्या पैकी द्यावेसे वाटले. पण पाढे काही आले नाहीत.